दोन हाकांपुरती मुळी

मागच्या हिवाळ्यात नातीनं मला जंगल पाहायला नेलं. उघडी जीप, गळ्यात दुर्बीण, माझ्या डोक्यावर तिची टोपी. फाटकातून आत शिरताना वाटाड्या म्हणाला, "आजी, आता इथून पुढं बोलायचं नाही." मला म्हणाला! आमच्या अख्ख्या गल्लीत माझं तोंड बंद राहिलेलं कुणी पाहिलं नाही. तरी राहिले बाप्पा गप्प. सागाची झाडं दोन्हीकडून मागं जात होती. पानं तीच, सुपाएवढी, किड्यांनी जाळीदार केलेली. मग लांबून कुठलासा पक्षी दोनदा ओरडला आणि माझ्या तोंडून मोठ्यानं निघून गेलं, "ओ!"

जीपमधले सगळे वळून पाहायला लागले. नात लाजली. "आजी, तुला कोणी बोलावलं?" घरी आल्यावर तिनं पुन्हा विचारलं. तोंडी सांगायला गेले ते अर्ध्यावरच राहिलं. म्हणून लिहिते आहे. मी शाळेचं तोंड पाहिलेलं नाही. अक्षरं मला एकीनं शिकवली, आणि ही गोष्ट तिचीच आहे.

ती माझी नणंद. माझ्याच वयाची, दोन-चार महिन्यांनी धाकटी.

एकसष्ट-बासष्टचं साल असेल. मी दारव्ह्याकडची. आमच्याकडं पाहावं तिथवर कापूस, सावलीला म्हणून एक बाभूळ. लग्न होऊन आले ती आताच्या झरी जामणी तालुक्यातल्या एका गावात. गावाच्या मागं रान सुरू व्हायचं ते कुठं संपायचं ते मला कुणी सांगितलं नाही. लग्नाच्या दिवशी ताटातल्या तांदळात अंगठीनं माझं नवं नाव लिहिलं आणि माहेरचं नाव तिथंच राहिलं. बोलणी पुरुषापुरुषांत झालेली, पोरीचं जुनं नाव कोण ध्यानात ठेवतं? सासरी मी कुणाची सून, कुणाची वहिनी, आणि उरलेल्यांसाठी ते नवं नाव. वर्षभरात मलाही जुन्याची आठवण कमी झाली. रात्री झोपताना कधी मनातल्या मनात म्हणून पाहायची, तेवढंच.

सासूला मी मामी म्हणायची. स्वभावानं चांगली होती, हे आधी सांगते, नाहीतर पुढचं वाचून तुम्ही तिला नावं ठेवाल. मला रानाची सवय नाही म्हणून तिनं पहिल्याच आठवड्यात जवळ बसवून सांगितलं, "पोरी, रानात कोनी तुह्यं नाव घेऊन हाक मारली तं ओ देजो नोको. दोन हाका चकव्याच्या असते. मानूस असंल तं तिसरी मारते. तिसरी आली का मंग बोलजो."

"आणि दुसरीवरच ओ दिली तर?"

"तं मंग तो वाट चुकवते. फिरून घरी येत नाई मानूस."

नणंद मागं उभी राहून हसत होती. "माय, तुह्या चकव्याले तीनपर्यंत मोजता येत नाई काय व?"

"हास, हास. रानानं एकदा पाह्यलं तुह्याकडं, का कळंल."

ती अशीच होती. चौथी पास झालेली गावातली एकच मुलगी. किराण्याच्या पुडीचा कागदसुद्धा उलगडून वाचायची. तिचं लग्न ठरलं होतं, एका मास्तराशी. त्यांच्या घरी रोज पेपर येतो एवढंच तिनं त्याच्याबद्दल ऐकलं होतं आणि तेवढ्यावरच खूश होती. "वहिनी, रोज व! रोज नवा कागद!" मार्गशीर्षातली तारीख निघाली होती. तिला त्याआधी एकच गोष्ट करायची होती. रानात आत एक धार होती, काळ्या दगडावरून पाणी खाली डोहात पडायचं. गावातले पुरुष पाहून आलेले. बायका कधी तिकडं गेल्या नव्हत्या, कारण बायकांचं तिकडं काही काम नव्हतं. "त्या मास्तरानं इचारलं, तुह्या गावात काय पाह्यासारखं हाय, तं मी काय सांगू? ढोराचा कोठा?"

कार्तिकात आवळीभोजनाला गावच्या बायका रानात जायच्या. आवळीच्या झाडाखाली गोवऱ्या पेटवायच्या, कणकेचे रोडगे निखाऱ्यात भाजायचे, वांग्याची भाजी, आणि दिवसभर गप्पा. त्या सकाळी मी पेटीतून माझा पितळी गडवा काढला. तुमच्याकडं तांब्या म्हणत असतील. माहेरच्या माझ्या मामानं लग्नात दिलेला, वर्षभर फडक्यात गुंडाळून ठेवला होता. त्याच्या पोटावर अक्षरं कोरलेली होती. भांड्यावर देणाऱ्याचं नाव घालतात, म्हणून ते मामाचं नाव असणार असं मी धरून चालले होते. मला कुठं वाचता येत होतं!

वाटेत नणंदेनं गडवा हातात घेतला, फिरवून पाहिला आणि गालात हसली.

"काय हसून राह्यली व बाई?" मी विचारलं. वर्षभरात त्यांची बोली माझ्या तोंडी बसली होती.

"काही नाई. तुह्यी एक गंमत सापडली. मंग सांगतो."

आवळीखाली पोचलो. गोवऱ्या पेटल्या, रोडगे लागले. त्यांना वेळ लागतो, वरून राखेत दाबून ठेवावे लागतात. तिनं माझा हात धरला. "चाल. रोडगे होईस्तोवर वापस येतो आपुन."

गेलो. आणि काय सांगू, त्या वाटेवर मी जेवढी हसले तेवढी सासरी आल्यापासून हसले नव्हते. गवत कमरेच्या वर. लुगड्याला कुसळं चिकटून काठच दिसेना. वानरांची एक टोळी आमच्यावरून उड्या मारत गेली, तर तिनं पदर खोचला आणि तीही त्यांच्यासारखी एका खाली वाकलेल्या फांदीला लोंबकळली. "पाह्य, मास्तरीन!" मी म्हटलं, "खाली उतर व माय, कोनी पाह्यलं तं लगन मोडंल." बोलून गेले. जिभेवर सरस्वती बसते म्हणतात ती हीच का, असं नंतर किती वेळा वाटलं.

धारेचा आवाज यायला लागला तशी वाट उताराची आणि दगडांची झाली. कापसाच्या सपाट मुलखात वाढलेली मी. मोहाच्या एका मोठ्या झाडाखाली बसकण मारली आणि म्हटलं, आता एक पाऊल पुढं टाकणार नाही.

"भित्री. बस इथंच. मी पाहून येतो आन् तुह्यासाठी धारेचं पानी आनतो." गडवा घेऊन ती दगडांमागं दिसेनाशी झाली.

मी बसले. थंड सावली, पाण्याचा आवाज, बाकी कुणी नाही. किती वेळ गेला ते माहीत नाही. फार नसेल.

आणि माझं नाव ऐकू आलं.

नवं नाही. वहिनी नाही. माहेरचं. या रानात, या मुलखात जे कुणालाच ठाऊक नव्हतं ते, लांबवून मारलेलं, पाण्याच्या आवाजातून वर आलेलं. मामीचे शब्द कानात उभे राहिले. मी दोन्ही हात तोंडावर दाबले, नाहीतर ओ निघून गेली असती. बाई गं, आपल्या नावाला ओ न देणं किती कठीण असतं!

दुसरी हाक आली. पहिलीपेक्षा बारीक, घाईची.

मी मनात म्हटलं, दोन झाल्या. माणूस असेल तर तिसरी येईल. तिसऱ्या हाकेसाठी मी कान देऊन बसले. पाणी वाजत राहिलं. तिसरी आली नाही.

मी उठले आणि पळाले. धारेकडं नाही, आवळीकडं. लुगडं कुठं फाटलं, पायात काय रुतलं, काही कळलं नाही. मामीच्या अंगावर जाऊन पडले. "मामी, रान माह्यं नाव घेऊन बलावून राह्यलं! माहेरचं नाव! दोनदा!"

तिनं मला पोटाशी धरलं. "ओ देली काय?"

"नाई."

"शाब्बास, माय माही." मग तिनं माझ्या मागं पाहिलं. "आन् पोरगी कुठी हाय?"

बायकांनी हाका मारल्या, उत्तर नाही. पुढं कुणी जायला धजेना. जवळच्या पोडावरचा, म्हणजे कोलामांच्या वस्तीवरचा, एक म्हातारा कोलाम डिंक गोळा करत फिरत होता, त्याला आवाज गेला. तो एकटा खाली उतरला. ती डोहाच्या काठाला दोन दगडांत अडकली होती, कमरेपर्यंत पाण्यात, शुद्ध नव्हती. डावा पाय गुडघ्याखाली नको तिथं वळलेला. त्यानं तिला पाठीवर घेऊन वर आणलं. नंतर पुन्हा उतरला आणि गडवाही आणला. गडव्याच्या पोटाला पोचा पडला होता.

म्हातारा पाणी प्यायला बसला तेव्हा मामी रडत रडत त्याला सांगत होती, चकवा होता, सुनेलेही बलावत होता, पन तिनं ओ देली नाई म्हनून वाचली. तो ऐकून घेत होता. मग म्हणाला, "आमी तं पहिल्याच हाकेले ओ देतो, माय. मानूस असो का अजून काही असो. रानात कोनी हाक मारते तं कामच असते त्याचं."

रोडगे निखाऱ्यात तसेच राहिले. जळून कोळसा झाले असतील. मी त्यानंतर रोडगे केले नाहीत.

हाड बसवणारा आला, बांबूच्या कामट्या बांधल्या. तीन महिने ती खाटेवर, मार्गशीर्षातली लग्नाची तारीख तशीच टळली. घरात येणाऱ्या-जाणाऱ्याला मामी सांगायची, "एक पडली, पन देवानं दोघी नेल्या नाई. माह्या सुनेनं दोन्ही हाका गिळल्या." ते ती कौतुकानं सांगायची. माझ्या पाठीवरून हात फिरवायची. नणंद खाटेवरून ऐकत असायची.

एकदा ती मला म्हणाली, "वहिनी, चकव्याचा आवाज कसा व्हता व?"

"बाईमानसाचा."

"गोड व्हता?"

"भेवाडलेला व्हता," मी म्हटलं, आणि म्हणताना माझंच मन कुठंतरी अडखळलं. चकवा कशाला भेदरेल? पण तिला ते नाव ठाऊक असणं शक्यच नाही, असं मी स्वतःला समजावलं आणि त्या विचाराकडं पाठ फिरवली. ती आढ्याकडं पाहत राहिली. कशी पडलीस म्हणून घरातल्यांनी विचारलं की एवढंच सांगायची, "पाय सटकला." हाक मारल्याचं एका शब्दानं बोलली नाही.

पौषात तिनं मला अक्षरं शिकवायला घेतलं. "पडूनशानी काय करू? तुले तरी शहानी करतो." कोळशानं जमिनीवर काढायची, मी बोटानं गिरवायची. आता मला कळतं की तिनं अ-आ-इ पासून सुरुवातच केली नव्हती. भलतीच तीन अक्षरं धरली. पंधरा दिवस तीच तीन, मागची पुढं, पुढची मागं. मी चिडून म्हटलं, "एवढ्यात तं गाय म्याट्रिक झाली असती!" ती म्हणाली, "हे तीन आले का तुले सारं आलं."

एका दुपारी मामी तिथंच सुपात तूर पाखडत बसली होती. नणंदेनं खाटेखालून माझा गडवा ओढला आणि माझ्या मांडीवर ठेवला.

"वाच."

मी बोट ठेवलं. पहिलं अक्षर. दुसरं. तिसरं पोच्यात गेलं होतं, तरी लागलं. तिन्ही जोडली आणि माझ्या हातातला गडवा जड झाला. मामाचं नाव नव्हतं ते. मामानं माझंच घातलं होतं. माहेरचं.

ती माझ्याकडं टक लावून पाहत होती. राग नव्हता हो. राग असता तर सोपं गेलं असतं. ती वाट पाहत होती. मी एवढंच म्हणायचं होतं, बाई, ती तू होतीस.

"काय लिवलं हाय व?" मामीनं सूप थांबवून विचारलं. "आली का वाचता माह्या सुनेले?"

मामीचं ते तोंड मला अजून दिसतं. मी खरं बोलले असते तर त्या तोंडावरचं सगळं कौतुक कुठं गेलं असतं? जिनं चकव्याला हरवलं ती मी. आणि जिनं तिच्या लेकीला पडू दिलं, तीही मीच.

"मामाचं नाव हाय," मी म्हटलं.

मामी पुन्हा पाखडायला लागली. नणंदेनं डोळे मिटले. "बरं," ती म्हणाली. मग सुपाच्या आवाजाआड, फक्त मला ऐकू जाईल असं, "वहिनी म्हटलं असतं तं आवळीखालच्या साऱ्याच कोनाच्या ना कोनाच्या वहिन्या. तुले एकलीले बलावाचं व्हतं. पाय सटकला तवा हाती झाडाची एक मुळी व्हती माह्या. दोन हाकांपुरती टिकली."

दुसऱ्या दिवशी तिनं अ पासून शिकवायला घेतलं. ते नाव तिनं पुन्हा उच्चारलं नाही. मीही विषय काढला नाही. आज काढीन, उद्या काढीन. एका घरात, एका चुलीपाशी राहून माणसं किती लांब राहू शकतात ते मला तेव्हा कळलं.

कामट्या सुटल्या. पाय आखूड राहिला.

फाल्गुनात मास्तराकडचे दोघं आले. पायाची बातमी पोचली होती, पण तसं कुणी बोललं नाही. पाऊसपाण्याच्या, कापसाच्या भावाच्या गोष्टी झाल्या. मग त्यातला वडीलधारा म्हणाला, "पोरीले पानी आनाले सांगा जरा." पाण्यासाठी नव्हतं ते. चाल पाहायची होती.

ती माझाच गडवा भरून घेऊन आली. स्वयंपाकघरापासून ओसरीपर्यंत बारा-तेरा पावलं. तिनं ती घाई न करता टाकली. डावा खांदा प्रत्येक पावलाला खाली जात होता, पण गडव्यातला थेंब सांडला नाही. ते पाणी प्याले, चांगलं आहे म्हणाले आणि गेले. आठ दिवसांनी पोस्टकार्ड आलं. वाचणारी घरात तीच होती, तिनंच ते सगळ्यांना वाचून दाखवलं. मग माझ्याकडं पाहून म्हणाली, "पानी गोड लागलं म्हने त्याइले. पायच तेवढा खारा निघाला."

मी हसू शकले नाही. मामी चुलीपुढं जाऊन बसली आणि विझलेली चूल फुंकत राहिली.

दोन वर्षं तशीच गेली. मग वणीकडचं एक स्थळ आलं. बिजवर, तिच्यापेक्षा पंधरा वर्षांनी मोठा, दोन लहान मुली घरात. माणूस वाईट नव्हता, पण त्यांच्या घरी पेपर येत नव्हता. तिनं तेवढंच विचारलं होतं. आणि येत नाही असं कळल्यावर म्हणाली, "जमंल."

लग्न घरच्या घरी उरकलं. पाठवणीच्या सकाळी तिची भांडी खाचरात, बैलगाडीत, रचत होते. मी पेटी उघडली, गडवा काढला, चिंचेनं लख्ख घासला आणि तिच्या हातात दिला. तिनं पोच्यावरून अंगठा फिरवला, तिसऱ्या अक्षरावर थांबला. मग गडवा पोटाशी धरला आणि वर चढायला लागली. आखूड पाय खाचराच्या दांडीपर्यंत पोचेना, तर मी खाली वाकून तिचं पाऊल माझ्या हातात घेतलं आणि उचलून वर ठेवलं. सगळे रडत होते, त्यामुळं माझ्या रडण्याकडं कुणाचं लक्ष गेलं नाही.

बैल निघाले. खाचर वेशीबाहेर पडलं, आंब्याच्या वळणाशी गेलं. आम्ही बायका वेशीतच उभ्या. आणि तिथून, तोंडाभोवती दोन्ही हात धरून, तिनं माझं माहेरचं नाव घेऊन हाक मारली.

"ओ!"

एवढ्या जोरानं ओरडले की झाडावरचे पक्षी उडाले. सासरा उभा, गावची चार मोठी माणसं उभी, डोक्यावरचा पदर खांद्यावर आलेला. घरच्या सुनेनं असं ओरडायचं नसतं. मला काही भान नव्हतं. पहिल्याच हाकेला दिली, दुसरीची वाट पाहिली नाही.

वळणावरून तिचा आवाज आला, हसरा की रडका ते एवढ्या लांबून कळलं नाही.

"ऐकू येते तं तुले!"

मग खाचर आंब्यामागं गेलं. ती तिथं नांदली, त्या दोन मुलींना तिनं मॅट्रिकपर्यंत नेलं, आणि चाळिशीच्या आतच तापानं गेली. त्या गोष्टीवर आम्ही दोघी मग कधी बोललो नाही. पहिल्या हाकेला ओ द्यायची सवय मात्र मला तेव्हापासून लागली. दारावर कुणी येवो, नात बोलावो, रानात पक्षी ओरडो.

पण त्या सकाळचं एक राहिलं. खाचर दिसेनासं झाल्यावर मी वळले तर मामी माझ्याकडं पाहत होती. ते नाव तिनं आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं होतं. लेकीच्या तोंडून. आणि त्याला ओ दिली होती तिच्या सुनेनं.

"कोनाले ओ देली व?" तिनं हळूच विचारलं.

मी आंब्याच्या वळणाकडं पाहिलं. तिनंही तिकडं पाहिलं. मग पुढं होऊन माझा पदर डोक्यावर नीट केला आणि घराकडं चालायला लागली.

चकव्याची गोष्ट तिनं त्यानंतर कुणालाही सांगितली नाही.